हारुनचा बाप

चर मानिक
१९ मे १९९१

लुतू,

मी, तुझे दुलाभाई आणि दोन्ही पोरी जिवंत आहोत, हे लाँचच्या सारंगाने तुला सांगितलंच असेल. तुफानाच्या रात्री आपलं हे चराचं बेट सगळं पाण्याखाली गेलं; शाळेची खोली पक्की होती म्हणून आम्ही उरलो. दक्षिणपाड्यात एकही घर उभं नाही. सुरुज मिया गेला. त्याचा हारुनही गेला. त्याच्या मोमेनाने स्वतःला साडीने ताडाला बांधून घेतलं होतं आणि हारुनला छातीशी धरलं होतं. पाणी उतरलं तेव्हा ती होती, पोर नव्हतं. तेव्हापासून ती माझ्याजवळ शाळेच्या खोलीत आहे.

मदत पोहोचली का, असं तू विचारलंस. पोहोचली रे भावा, गळ्यापर्यंत पोहोचली. बांधावर नऊ संस्थांची नऊ निशाणं फडफडताहेत. एकीने लोकरीचे कोट वाटले, जेठाच्या उन्हात! आम्ही ते अंथरतो. दुसरीने डबे दिले. आत काय आहे ते अशा भाषेत लिहिलंय की मी शाळेतली बाई असून मलाही वाचता येत नाही. तिसरीचा फोटोवाला परवा आला. तांदूळ घेऊन बायका निघाल्या होत्या, तर म्हणाला, थांबा, मागचा फलक उलटा लागलाय. सगळ्यांचे तांदूळ परत घेतले, फलक सुलटा केला, रांग पुन्हा लावली आणि तेच तांदूळ पुन्हा दिले. मला शिसारी आली. गावचा हापसा तेवढा दुरुस्त करून द्या म्हणून मी नऊही निशाणांखाली जाऊन आले. कुणाला वेळ नाही. हापशावर फलक मावत नाही ना.

आता कामाचं. नवरा गेल्यावर पाळायची मोमेनाची इद्दत चार महिने दहा दिवसांची, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपेल. सुरुजचा थोरला भाऊ तोराब तेवढ्याचीच वाट बघतोय. त्याचं घर उंचावर, ते वाचलं. 'भावाची बायको उघड्यावर राहिली तर माझी अब्रू जाते, इद्दत फिटली की निकाह लावून घरात घेतो,' असं बाजारात सांगत सुटलाय. पहिल्या बायकोला त्याने कसं ठेवलंय ते तुला ठाऊक आहे. तिचा डावा हात अजून सरळ होत नाही. शाळा सुरू झाली की ही खोली सुटणार, आणि आम्ही स्वतःच दिरांच्या ताडपत्रीखाली जाणार. मोमेनाला कुठे नेऊ?

काल ती म्हणाली, 'बुबू, माझ्या नावाचं एक छप्पर असतं ना, तर मी त्याला तोंडावर नाही म्हणाले असते.' तुझी संस्था मोठी आहे म्हणतोस. एक छप्पर बघ.

तुझी
साजेदाबुबू

---

ढाका
२७ मे १९९१

बुबू, सलाम.

तुझं पत्र वाचून रडलो. पण रडून झाल्यावर थेट साहेबांकडे गेलो, आणि बातमी चांगली आहे! आमची संस्था चर मानिकमधल्या विधवांना घरं बांधून देणार. सिमेंटचे खांब, वर टिन, घर त्या बाईच्याच नावावर. कुणी दीर, कुणी सासरा त्यात हात घालू शकणार नाही. मोमेनाला हवं तेच.

तुझा राग मला कळतो, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस. आमचं काम शिस्तीचं असतं. आधी नोंदणी, मग पडताळणी, मग वाटप. एकाला दोनदा आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होऊ नये म्हणून या वेळी कॉम्प्युटरही आणलाय. नोंदणीसाठी ३ जूनला शाहीन नावाचा मुलगा येईल, एम.ए. आहे, चांगल्या घरचा. त्याला सहकार्य कर.

आणखी एक. मला बढती मिळालीये. आता माझ्या टेबलावर 'स्थानिक सल्लागार' अशी पाटी आहे. चरात जन्मलेला, चर जाणणारा असा ऑफिसात मी एकटाच, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. अम्मा असती तर खूश झाली असती.

तुझा
लुत्फर

---

चर मानिक
९ जून १९९१

लुतू,

तुझा एम.ए. येऊन गेला. बांधावर टेबल मांडलं, स्वतःच्या डोक्यावर छत्री, आणि दोनशे विधवा उन्हात. इद्दतीतल्या बाया, ज्यांनी परपुरुषासमोर येऊसुद्धा नये, त्यांना गळ्यात नंबरचे बिल्ले अडकवून उभं केलं. मी खोलीत बसून नोंदणी करा म्हटलं, तर म्हणाला, 'आपा, पारदर्शकतेसाठी उघड्यावरच करावी लागते.'

मोमेनाची पाळी आली. मी शेजारीच होते, जसं झालं तसं लिहिते.

'नवऱ्याचं नाव?'

'हारुनचा बाप.'

'नाव विचारलंय मी.'

'तेच सांगतेय की. हारुनचा बाप.'

'म्हणजे कोण?'

'ते नाही का, निळ्या नावेवाले.'

शाहीनने पेन आपटलं. 'अहो, नवरा गेलाय ना तुमचा? आता कसली लाज?'

मोमेना म्हणाली, 'गेले म्हणून काय परके झाले?'

मागून म्हातारी जमिरन ओरडली, 'का रे लेकरा, तुझी आई तुझ्या बापाला नावाने हाक मारून उठवते का? ढाक्याला तशीच रीत आहे वाटतं!' बायका हसल्या. तुफानानंतर या चरात पहिल्यांदा कुणी हसलं. पण हसण्याने पोरगं चिडलं आणि भराभरा लिहीत सुटलं. जी 'हारुनचा बाप' म्हणाली तिच्या रकान्यात 'हारुन', जी 'कोहिनूरचा बाप' म्हणाली तिच्या रकान्यात 'कोहिनूर'. कोहिनूर पोरगी होती रे, पाच वर्षांची! मी म्हटलं, सगळ्यांच्या नवऱ्यांची नावं मला पाठ आहेत, मी सांगते. तर म्हणे, अर्जदाराने स्वतःच सांगायचं, तिसऱ्याने सांगितलं तर दबाव धरला जातो.

असा फॉर्म कोणत्या शहाण्याने बनवला? आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, एवढं ठाऊक नसलेला माणूस तुमच्या ऑफिसात पगार खातो? सत्तरच्या तुफानानंतर अम्मा अशाच रांगेत उभी होती. अब्बांचं नाव विचारलं तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला आणि गप्प राहिली. मग आठ वर्षांचा तू पुढे झालास आणि 'अब्दुल गोफुर' म्हणालास, तेव्हा कुठे आपल्याला डाळ-तांदूळ मिळाले. त्या शहाण्याला हे सांग. रकाने दुरुस्त करून घे. कामं पुढे गेली की कुणी मागे बघणार नाही.

साजेदाबुबू

---

ढाका
२ जुलै १९९१

बुबू, सलाम.

उशीर झाला, माफ कर. बातमी बरी नाही, मन घट्ट करून वाच.

कॉम्प्युटरने नोंदी जुळवल्या. चर मानिकच्या एकशे त्रेसष्ट बायकांनी नवरा म्हणून दिलेली नावं मृत मुलांच्या यादीतही निघाली. सहा वर्षांचा नवरा, अडीच वर्षांचा नवरा. साहेबांनी रिपोर्टात 'संघटित फसवणूक' असं लिहिलंय. कुणा स्थानिक शिक्षिकेने बायकांना पढवलं असावं, असाही त्यांचा संशय आहे. तुझं नाव नाही, घाबरू नकोस. घरं तूर्त दुसऱ्या चराला दिली आहेत, तिथे हेलिकॉप्टर उतरायला जागा आहे.

मी समजावायचा खूप प्रयत्न केला. पण फॉर्म लंडनहून ठरून आलेला असतो, त्यात आमच्यासारख्यांचा हात नसतो. तू शांत राहा. कुठे काही बोलू नकोस.

लुत्फर

---

चर मानिक
१२ जुलै १९९१

लुतू,

पोरं गमावली, नवरे गमावले, आणि वर चोर ठरलो. तुमच्या साहेबाला विचार, त्या दोन याद्या शेजारी ठेवून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली का? एकाच घरातून दोघं गेलेत, हे त्याला दिसलं नाही? मेलेल्या लेकराच्या नावाने बाई नवऱ्याची ओळख देते, आणि हा माणूस त्याला फसवणूक म्हणतो. हे लिहितानाही तोंड कडू झालंय.

सोबत सहा पानं आहेत. चौदा वर्षं मी या शाळेत हजेरी घेतेय. वही वाहून गेली, पण हजेरी माझ्या तोंडात आहे. मुलाचं नाव, बापाचं नाव, पाडा. तीन दिवस बसून सगळ्या एकशे त्रेसष्ट लिहिल्या आहेत. हारुन, बाप सुरुज मिया, दक्षिणपाडा. कोहिनूर, बाप मोफिज सरदार, खालचा पाडा. ज्यांची पोरं शाळेच्या वयाची नव्हती, त्यांच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांकडून खात्री केलीये. प्रत्येकीचा अंगठा आहे. युनियन परिषदेच्या चेअरमनची सहीसुद्धा आणलीये. ती आणायला कितीदा त्याच्या दारात बसले ते विचारू नकोस.

ही पानं साहेबाच्या हातात दे, टेबलावर नव्हे. दोन महिने उरलेत.

साजेदाबुबू

---

चर मानिक
३० जुलै १९९१

लुतू,

पानं मिळाली की नाही, तेवढं एका ओळीने कळव. तोराब रोज सकाळी शाळेच्या पायरीवर मासे ठेवून जातो. मोमेना ते मांजरांना घालते. तरी तो ठेवतोच, आणि गाव बघतं. परवा इमामसाहेबसुद्धा मला म्हणाले, 'मास्तरीणबाई, तुम्ही तिला किती दिवस सांभाळणार?' मी म्हटलं, तिचं घर येतंय, माझा भाऊ बघतोय.

बुबू

---

ढाका
९ ऑगस्ट १९९१

बुबू, सलाम.

पानं मिळाली. तुझ्या कष्टांना तोड नाही. पण साहेब महिनाभर सुटीवर होते, आणि ३० जूनला आणीबाणीचा टप्पा अधिकृतपणे संपला. आता दुसरा टप्पा सुरू झालाय, त्यात घरं नाहीत, प्रशिक्षण आहे. चर मानिकवर अन्याय झाला हे मी मीटिंगमध्ये मांडलं, तेव्हा साहेबांनी लगेच तुमच्या चराला प्रशिक्षणात घेतलं. ही सुरुवात समज. २० तारखेला दोन बाया येतील. मोमेनाला जरूर बसव. हजेरी लागली तर पुढच्या याद्यांत उपयोग होईल.

तुझ्या पानांचं मी बघतोय.

लुत्फर

---

चर मानिक
२२ ऑगस्ट १९९१

लुतू,

प्रशिक्षण झालं. विषय ऐक: 'तुफान आलं तर काय करावं'.

चटईवर बसलेल्या बायकांमध्ये एक अशी नव्हती जिने निदान एक माणूस पाण्याला दिलेलं नाही. समोर ढाक्याच्या दोन पोरी, खडूने फळ्यावर लाट काढताहेत. 'मावशींनो, मुलांचा हात घट्ट धरायचा, सोडायचा नाही.' मोमेना उठली आणि बाहेर जाऊन ओकली. त्या पोरींनी वहीत लिहिलं की एक बाई आजारी असल्याने अर्ध्यातून गेली. मग सगळ्यांना एकेक पिशवी दिली, संस्थेचं चिन्ह छापलेली, आत शिट्टी. पाण्यात वाहून जाताना वाजवायची म्हणे. जमिरनने तिथल्या तिथे शिट्टी वाजवली आणि विचारलं, 'आता येईल का घर?'

मी हसले नाही. मला घाण वाटत होती. त्यांची वाटत होती, आणि तुझ्या पत्राचीसुद्धा. 'मी बघतोय' म्हणजे काय रे? तू माझ्याशी असं कधीपासून बोलायला लागलास?

जाताना त्यातल्या एकीला मी विचारलं, बाई, तो फॉर्म लंडनला कोण बनवतं? ती म्हणाली, 'लंडनला कशाला? ढाक्यालाच बनतो. तो सल्लागार बनवतो.'

आता तूच सांग. इद्दत फिटायला पंधरा दिवस आहेत. वळणं न घेता लिही.

साजेदा

---

ढाका
५ सप्टेंबर १९९१

बुबू,

हो. फॉर्म मी बनवला.

सगळं सांगतो, मग तुला वाटेल ते म्हण. फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती: 'स्थानिक चालीरीतींशी सुसंगत आहे', आणि पुढे सहीची जागा. साहेबांनी विचारलं, लुत्फर, काही अडचण? मला अम्मा आठवली बुबू. पदर तोंडाशी धरलेली, जशीच्या तशी. 'नवऱ्याचं नाव' बायका घेणार नाहीत, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण खोलीत सहा गोरे होते, आणि मला लाज वाटली. आपल्या बायका इतक्या मागासलेल्या आहेत असं सांगायची लाज. त्यांना वाटलं असतं की हाही त्यातलाच. मी सही केली.

तुझी सहा पानं माझ्या खणात पडून होती. ती वर दिली असती तर पहिला प्रश्न आला असता, मग ही सही कुणाची? म्हणून दिली नाहीत. मीटिंगमध्येही मी काही मांडलं नव्हतं. तुमच्या चराचं नाव प्रशिक्षणात आपोआप आलं होतं. मला माझाच तिटकारा आलाय, पण त्याने तुझं काही भलं होत नाही हेही कळतं.

पण आता ऐक, काम झालंय! गेल्या आठवड्यात मी पानं दिली. लंडनहून देणगीदार बाया येणार आहेत, आणि त्यांना दाखवायला एकही धड गोष्ट ऑफिसात नव्हती. साहेबांनी तुझी पानं वाचली आणि टेबलावर हातच मारला. म्हणाले, आठवणीतून हजेरी लिहिणारी शिक्षिका, हेच पाहिजे! माझ्या सहीबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही. एवढ्यासाठी मी दोन महिने घाबरून बसलो होतो. घरं मंजूर झाली आहेत. पहिलं घर मोमेनाचं, नोव्हेंबरमध्ये. नियम तेवढे दोनच: बाई विधवा असली पाहिजे आणि तिने पुन्हा लग्न केलेलं नसलं पाहिजे. किल्ली त्या बायांच्या हातून द्यायची आहे, तेव्हा फोटो निघेल, तेवढं सोस.

मोमेनाला आजच सांग. म्हणावं, तोराबला आता खुशाल तोंडावर नाही म्हण.

लुतू

---

चर मानिक
१२ सप्टेंबर १९९१

लुत्फर,

तुझं पत्र कालच्या लाँचने आलं. मोमेनाचा निकाह शुक्रवारी, सहा तारखेला लागला.

मी अडवायचा प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. गुरुवारी रात्री मी तिला म्हटलं, अजून थोडं थांब, लुतूचं पत्र येईल. ती म्हणाली, 'बुबू, तू मे महिन्यापासून हेच म्हणतेस.' सोमवारी शाळा उघडायची होती, खोली रिकामी करायची होती. तिने स्वतःच तोराबला निरोप धाडला, त्याला आयतंच झालं. त्याच्या पहिल्या बायकोने परवानगीच्या कागदावर अंगठा दिला, उजव्या हाताचा.

तुमच्या देणगीदार बायांसाठी दुसरी कुणी शोधा. मोमेना आता विधवा नाही, तुमच्या दोन्ही नियमांत बसत नाही. बाकीच्या एकशे बासष्टजणींची घरं मात्र मी घेणार आहे, फलकासकट घेणार आहे, आणि फोटोला स्वतः उभी राहणार आहे. त्या बायांना काय सांगायचं ते मी ठरवलंय. तू दुभाषा म्हणून येऊ नकोस. आलास तर माझ्याकडे जेवायला थांबू नकोस.

निकाहाचं तेवढं सांगते, तुला कळलंच पाहिजे. पडद्याआड ती, मी आणि जमिरन. पडद्याबाहेर काझी, साक्षीदार, दारात तोराब. काझींनी कागद भरायला घेतला. विधवेच्या निकाहात आधीच्या नवऱ्याचं नाव लागतं. त्यांनी रीतीप्रमाणे मला विचारलं, 'मास्तरीणबाई, तुम्ही सांगा.' मी तोंड उघडलं, तेवढ्यात मोमेनाने माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतःच म्हणाली, 'सुरुज मिया.' हळू नाही. दारातल्या तोराबने मान वळवली, अंगणातली माणसं बोलायची थांबली. जमिरनने पदराने तोंड झाकलं. काझी लिहायचं विसरून पडद्याकडे बघत राहिले, तर तिने पुन्हा सांगितलं, 'लिहा. सुरुज मिया. दक्षिणपाडा.'

मग काझींनी विचारलं, तोराबचा निकाह कबूल आहे का. त्याचं उत्तर बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. काझींना चार वेळा विचारावं लागलं.

साजेदा